मला न मिळालेली मुलाखत

खोडाळ्याच्या बाजारात मी सुकी मासळी घेत होते, तेव्हा तो आवाज पहिल्यांदा कानावर आला. मासळीवालीनं टोपलीला टेकवून फोन उभा केला होता आणि त्यातून एक माणूस ठासून, शब्दाशब्दावर थांबत बोलत होता. त्या पुढाऱ्याची भाषणं वर्षभर सगळ्यांच्या फोनवर फिरत होती, त्यामुळे त्याचं मला नवल वाटलं नाही. मी दचकले ती मध्येच आलेल्या दुसऱ्या आवाजानं. "बरोबर आहे साहेब, पुढे सांगा."

तो आमच्या जव्हारच्या फोटोवाल्याचा आवाज होता.

"ताई, बोंबील घेता ना?" मासळीवालीनं विचारलं.

मी मान हलवली, पण नजर फोनवर होती. साहेब खुर्चीत बसलेले, मागे डोंगर, आणि समोर आमचा फोटोवाला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. बाजारात पुढे गेले तर भाजीवाल्याकडे तोच आवाज, चहाच्या टपरीवर तोच. मी बोंबील तिथेच विसरून एसटीत बसले. पोटात दुखायला लागलं होतं. खरंच दुखत होतं, म्हणजे मराठीत म्हणतात तसं नाही, खरोखर.

कारण ती मुलाखत आधी मी मागितली होती.

त्याच्या वीस-बावीस दिवस आधी साहेबांचा दौरा आमच्या भागात ठरल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या माणसाला फोन केला होता. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, तुमचा पेपर आम्ही ओळखतो, चांगला पेपर आहे. पण हल्ली वाचतं कोण? तुमचं चॅनल आहे का?" मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "मग बघू." पुन्हा फोन आला नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

मी जव्हारची. वीस वर्षांपासून एका जिल्हा दैनिकाला बातम्या पाठवते. वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा मी शाळेत होते. गाड्या भरभरून पत्रकार आले होते, वह्या घेऊन, कॅमेरे घेऊन. आमच्या घराच्या ओट्यावर बसून त्यातली एक बाई पाणी प्यायली आणि तिनं वहीत काहीतरी लिहिलं. ती काय लिहिते ते बघायला मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिनं वही मिटली नाही, उलट थोडी तिरकी केली, मला वाचता यावं म्हणून. पुढे सगळे निघून गेले आणि आमच्याकडची बातमी लिहायला कुणी उरलं नाही. ते काम मी करायचं, असं मी तेव्हाच ठरवलं. निदान मी लोकांना असंच सांगत आले आहे.

फोटोवाल्याचं दुकान आमच्या घरापासून हाकेवर. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे घालून सोंगं नाचतात त्यांचे फोटो. हात चांगला होता त्याचा. माझ्या बातम्यांना फोटो लागायचे म्हणून मीच त्याला सोबत न्यायला लागले. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी मोखाड्याचा पाडा न् पाडा पाहिला. बातमी कशी लिहायची ते त्याला मी शिकवलं. "आधी कोण, मग काय, मग कुठे," मी सांगायची, "आणि स्वतःचं मत खिशात ठेवायचं." तो मला ताई म्हणायचा, अजूनही म्हणतो. टाळेबंदीत लग्नं बंद झाली, दुकानाला कुलूप लागलं, तेव्हा त्यानं फोनवर चॅनल सुरू केलं. मी हसले होते. "बातमी काय लग्नाची वरात आहे का, नाचत दाखवायला?" असं म्हणाले होते. तो पण हसला. वर्षभरात लोक रस्त्यात मला थांबवून विचारायला लागले, "तुम्ही त्या चॅनलवाल्यांबरोबर असता ना?"

त्या दिवशी घरी येऊन मी ती मुलाखत तीनदा पाहिली. पहिल्यांदा साहेब काय बोलले ते ऐकलं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मी फक्त चुका शोधल्या. उजेड एका बाजूनं जास्त होता. वाऱ्यानं माईक फरफरत होता. त्यानं एका गावाचं नाव चुकीचं घेतलं, ते मी कागदावर लिहून ठेवलं. माझे मिस्टर आश्रमशाळेत गणित शिकवतात, बोलतात कमी. ते चहाचा कप घेऊन मागे उभे होते.

"तू साहेबांना बघतेयस की त्याला?" त्यांनी विचारलं.

"बातमी बघतेय," मी म्हणाले.

साहेब जे बोलले ते साधं नव्हतं. आमच्या डोंगरातल्या पाड्यांवर काही घरं रविवारी प्रार्थनेला जातात. एक भाऊ गावदेवाला कोंबडं देतो, दुसरा भाऊ पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन गाणी म्हणतो, आणि लावणीला दोघं एकाच खाचरात उभे असतात. भांडणं होती, नाही असं नाही, पण ती बांधावरची, दारूची, सासू-सुनेची. साहेब परजिल्ह्यातून आले आणि म्हणाले, "ज्यांनी आपले देव सोडले, त्यांनी आपली विहीरही सोडावी. पाणी देवाचं आहे." आणि फोटोवाला म्हणाला, "बरोबर आहे साहेब, पुढे सांगा."

त्यानं एकही प्रश्न विचारला नव्हता. मला राग आला, आणि तो राग खरा होता. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी धुमसत होतं, आणि ते जास्त खरं होतं. त्या खुर्चीसमोर मी बसले असते तर! मी विचारलं असतं, विहीर कुणी खणली साहेब? मी विचारलं असतं, तुम्ही या डोंगरात एक उन्हाळा काढलाय का? सगळ्या प्रश्नांची यादी माझ्याकडे होती. बावीस दिवसांपासून वहीत होती.

दुसऱ्या दिवशी मी लेख लिहिला. टोकाची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांना माध्यमांनी व्यासपीठ द्यावं का, असा विषय. द्यायचं नाही, असं माझं म्हणणं. कुणी आग लावायला निघाला असेल तर त्याला काडी आपण द्यायची नसते. लोकांना ऐकायचं असतं म्हणून काहीही ऐकवणं याला पत्रकारिता म्हणत नाहीत, मेळ्याचा भोंगा म्हणतात. एका बैठकीत लिहून झाला. इतकं सुरळीत मी कधीच लिहिलं नव्हतं. मत्सरानं हात किती वेगात चालतो, ते मला त्या दिवशी कळलं.

संपादकांचा फोन आला. "बाई, काय लिहिलंय! मधल्या पानावर घेतोय, तुमच्या फोटोसकट."

लेख आला आणि माझं कौतुक सुरू झालं. जव्हारच्या बाजारपेठेत लोक नमस्कार करायला लागले. एका कॉलेजनं भाषणाला बोलावलं. मी 'पत्रकाराचं इमान' या विषयावर तासभर बोलले. पोरी वह्यांत उतरवून घेत होत्या. मला बरं वाटत होतं आणि लाज वाटत होती, दोन्ही एकदम.

त्यानंतर एका सकाळी फोटोवाला घरी आला. हातात माझा लेख असलेला पेपर होता, घडी घातलेला.

"ताई, लेख चांगला आहे," तो म्हणाला आणि खरंच तसंच म्हणायचं होतं त्याला. "माझं चुकलं. मी घाबरलो होतो त्यांच्यासमोर. चार माणसं मागे उभी होती. तोंडातून निघालं ते निघालं."

मी चहा टाकला.

"एक विचारू का? रागवू नका."

"विचार."

"साहेबांचा माणूस म्हणत होता, तुम्ही आधी फोन केला होता. तीनदा."

दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, फडकं शोधलं, ओटा पुसला. जितका वेळ लावता येईल तितका लावला.

"केला होता," मी शेवटी म्हणाले. "पण मी प्रश्न विचारले असते."

"हो ना. तुम्ही विचारले असते." त्यानं हातातला पेपर खाली ठेवला. "मग ताई, राग नेमका कशाचा? त्यांना बोलू दिलं याचा, का ते मी बोलू दिलं याचा?"

मी त्याला चहा दिला. जाताना तो दारात म्हणाला, "मी कुणाला सांगितलं नाही हां. सांगणारही नाही." त्यानं सगळ्या जव्हारभर बोंब मारली असती तर मला सोपं गेलं असतं. मग मला त्याचा द्वेष करता आला असता. या चांगुलपणाचं काय करायचं, ते कळेना.

उन्हाळा टिपेला पोचला होता. सूर्यमाळच्या बाजूला तेव्हा पाण्याची काय अवस्था असते ते इथल्यांना सांगायला नको. एका पाड्यावरची बातमी मला आमच्या मिस्टरांकडून कळली. त्यांच्या शाळेतली एक मुलगी तिथली. पाड्यावर प्रार्थनेला जाणारी दोन घरं होती. त्या घरांतल्या बायकांना विहिरीवर सांगण्यात आलं होतं की सगळ्यांचं भरून झालं की मग या. आणि सगळ्यांचं भरून होईस्तोवर विहिरीत उरायचा तो गाळ. हे साहेबांची मुलाखत फिरल्यानंतर सुरू झालं होतं. आदल्या उन्हाळ्यात असलं काही नव्हतं.

ही माझी बातमी होती. मी कुणाला न सांगता सकाळची एसटी धरली, शेवटच्या फाट्यावर उतरले आणि उन्हात चालत निघाले. तासाभरानं पाडा दिसला, आणि पाड्याआधीच्या आंब्याखाली उभी केलेली मोटरसायकल दिसली. ती मी डोळे मिटूनही ओळखली असती. तिच्या मागच्या सीटवर मी दहा वर्षं बसले होते.

तो एका झोपडीच्या ओसरीवर बसला होता, कॅमेरा पिशवीत. समोर साठीची एक बाई बसली होती, काटक, पदर खोचलेला. तो विचारत नव्हता, नुसता ऐकत होता. मला बघून उठला.

"या ताई. मावशी, या आमच्या ताई. मला यांनीच शिकवलं."

मावशीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बस बाय. पानी मागू नको फक्त."

मी बसले. तिनं जे सांगितलं ते थोडकं होतं. ती पहाटे जाते, बाजूला बसते. सगळ्यांचे हंडे भरतात. मग ती उतरते आणि वाटीनं पाणी गोळा करते. जिच्याबरोबर तिनं आयुष्यभर लाकडं आणली, ती शेजारीण मान खाली घालून पुढून जाते. "ती वाईट नाय," मावशी म्हणाली. "तिला भ्या वाटतं. तिच्या पोरानं फोनवर बघलाय त्या सायबाला."

फोटोवाल्यानं खाली पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं सांगू? त्याला अपराधी वाटतंय याचं मला समाधान नाही वाटलं. मला वाटलं, हा माझ्या आधी इथे पोचला. अपराधी वाटण्यातसुद्धा हा माझ्या पुढे.

त्यानं मावशीला विचारून तिचं बोलणं चित्रित केलं आणि चॅनलवर टाकलं. सुरुवातीला स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहून म्हणाला, "मागच्या मुलाखतीत मी प्रश्न विचारायला हवे होते. विचारले नाहीत. ही माझी चूक." मी माझी बातमी पाठवली, ती आतल्या पानावर तीन परिच्छेदांत आली. त्याचा व्हिडिओ मी रोज उघडून बघायची. किती जणांनी पाहिला ते खाली दिसतं ना, तेवढंच बघायची. साहेबांचा लाखांवर गेला होता. मावशीचा शंभरांत घुटमळत होता.

आणि मला आनंद व्हायचा. हे लिहायला आज सगळ्यात जड जातंय. तिकडे दोन घरं वाटीनं पाणी गोळा करत होती, तो व्हिडिओ जितके जण बघतील तितकं त्यांच्या भल्याचं होतं, आणि तो कुणी बघत नाही म्हणून मी इकडे खूश होते. 'बघा, चांगलं केलं तर त्यालाही कुणी विचारत नाही,' असं मनात म्हणत होते. माणूस आतून किती खालपर्यंत जाऊ शकतो, ते दुसऱ्याकडे बघून कळत नाही.

त्याच आठवड्यात साहेबांच्या माणसाचा फोन आला. "ताई, साहेबांनी तुमचा लेख वाचला. साहेब म्हणाले, अशा निर्भीड पत्रकाराशी बोललंच पाहिजे. परवा जव्हारला आहेत. दुपारी या."

मी हो म्हणाले. क्षणभरही थांबले नाही.

घरी मिस्टरांना सांगितलं. ते उत्तरपत्रिका तपासत होते. "व्यासपीठ द्यायचं नाही, असं तूच लिहिलंस ना?"

"मी व्यासपीठ देत नाहीये, प्रश्न विचारायला चाललेय."

"तो लेख एकदा वाचून जा," एवढं म्हणून त्यांनी पुन्हा लाल पेन उचललं.

मी लेख वाचला नाही. कपाटातली चांगली सुती साडी काढली. मनात एकच होतं, मुलाखत कशी घेतात ते आता त्याला दाखवते.

साहेब एका बंगल्यावर उतरले होते. बसायची खोली थंडगार, टेबलावर जांभळांची थाळी. त्यांच्या माणसांनी तीन बाजूंनी तीन कॅमेरे लावले होते. "आमच्या रेकॉर्डला," तो माणूस म्हणाला. साहेब उठून उभे राहिले, हात जोडले. व्हिडिओत दिसतात त्यापेक्षा बुटके आणि आवाज मऊ.

मी प्रश्न विचारले. सगळे विचारले. पाड्याचं सांगितलं, वाटीचं सांगितलं. "साहेब, हे तुमच्या बोलण्यामुळे झालं."

"ताई, मला फार वाईट वाटलं हे ऐकून," ते म्हणाले. "मी विहिरीवर अडवा असं कुठे म्हणालो? मी म्हणालो, सोडावी. ज्याच्या-त्याच्या मनावर आहे."

"विहीर सोडून जायचं कुठे?"

"हा प्रश्न त्यांना विचारा, देव का सोडला." मग ते पुढे झुकले. "तुम्ही देवाला मानता ना ताई? तुमच्या घरात देवघर आहे ना?"

मी मान हलवली. माझ्या घरात देवघर आहे, मी रोज दिवा लावते. खोटं काय सांगणार? पण मान हलवताना मी पुढच्या प्रश्नाच्या विचारात होते, आणि थोडंसं हसले होते. अर्ध्या तासानं बाहेर पडले तेव्हा मला वाटत होतं की मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रफीत आली. साहेब बोलतायत, देव सोडणाऱ्यांना गावात जागा नाही. आणि मग मी, चांगली सुती साडी नेसलेली, हसून मान हलवतेय. पुन्हा साहेब. पुन्हा माझी मान. वर लिहिलेलं, 'विरोधक पत्रकारालाही पटलं'. माझे प्रश्न कुठेच नव्हते.

पेपरात माझी मुलाखत पानभर आली, प्रश्नासकट, उत्तरासकट. ती किती जणांनी वाचली कोण जाणे. मान मात्र सगळ्यांनी पाहिली. कॉलेजातल्या ज्या पोरींनी वह्यांत उतरवून घेतलं होतं, त्यातली एक रस्त्यात भेटली आणि ओळख न दाखवता गेली. संपादक म्हणाले, "बाई, काही दिवस शांत बसू या." मी बाजारात जाणं बंद केलं. भाजी मिस्टर आणायचे, आणि नेहमी गवारच आणायचे.

फोटोवाल्याचा फोन मी दोन दिवस उचलला नाही. तो काय म्हणेल ते मला पाठ होतं, कारण त्याच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते. तिसऱ्या दिवशी तो दारातच येऊन उभा राहिला.

"ताई, तुम्ही फोनवर पूर्ण रेकॉर्डिंग केलं असेल ना? नेहमी करता."

"केलंय."

"द्या मला. जसंच्या तसं चॅनलवर टाकतो. तुमचे प्रश्न ऐकू देत लोकांना."

म्हणजे माझी अब्रू त्याच्या चॅनलनं वाचवायची. मी नाही म्हणाले. तो पायरीवर बसून राहिला. मिस्टर आतून आले, माझा फोन माझ्या हातात ठेवला आणि परत गेले. मी रेकॉर्डिंग दिलं.

त्यानं ते टाकलं, एक शब्दही न कापता. बऱ्याच जणांनी ऐकलं. काहींनी मला फोन करून माफी मागितली. पण खाली लोकांनी जे लिहिलं ते मी सगळं वाचलं, आणि त्यात अर्ध्या जणांचं म्हणणं होतं की साहेब किती शांतपणे बोलले, बाई किती चिडल्या होत्या. म्हणजे प्रश्न न विचारता व्यासपीठ दिलं तरी त्यांचाच फायदा, आणि विचारून दिलं तरी त्यांचाच. त्यांना गप्प बसवता येत नाही, कारण त्यांचे स्वतःचे तीन कॅमेरे आहेतच. यातून वाट कुठली ते मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही पूर्ण सुचलेलं नाही.

मे संपत आला तेव्हा मावशीचा निरोप आला. त्यांच्या शाळेतली ती मुलगी मावशीची नात होती, तिनं सुट्टीत मिस्टरांना फोन करून सांगितलं, आजी ताईला बोलावते. मी गेले. या वेळी आंब्याखाली मोटरसायकल नव्हती. ते बघून मनात जे झालं ते झालंच.

पाड्यावरच्या बायका विहिरीजवळ जमल्या होत्या. पुरुष लांब, झाडाखाली. बैठक कुणी बोलावली होती असं नाही. टँकर येऊन विहिरीत पाणी ओतून गेला होता आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला होता, आधी कोण. मावशी हंडा घेऊन पुढे आली आणि काठावर उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "मागनं ये."

मावशी ओरडली नाही. तिनं विचारलं, "त्या सायबाला कोनी बघलाय? फोनात नाय. इथं, पाड्यावर."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"त्याच्या बायकोनं कधी हंडा वाहिलाय?"

एक पोरगी फिस्सकन हसली आणि गप्प झाली. मग मावशीनं विहिरीच्या कडेच्या दगडांकडे हात केला. "ही हीर खणली तवा माझी सासू दगड वाहत व्हती. पोटुशी व्हती. कोनाला ठावं हाय ते सांगा."

तिची शेजारीण, तीच मान खाली घालून जाणारी, म्हणाली, "मला ठावं हाय. माझी आय बी व्हती तिच्यासंगं." एवढं म्हणून तिनं आपला हंडा उचलून बाजूला ठेवला आणि मावशीच्या हातात दोर दिला.

बस, इतकंच. कुणी भाषण केलं नाही. मावशीनं पाणी ओढलं, मग शेजारणीनं, मग दुसरीनं. झाडाखालचे पुरुष थोडा वेळ बघत राहिले आणि एकेक करून उठून गेले. साहेबांचं जे एक वाक्य महिनाभर कुणी हरवू शकलं नव्हतं, ते दोन म्हाताऱ्यांनी उभ्या उभ्या हरवलं होतं. आणि बघायला बाहेरची फक्त मी होते. कॅमेरा नाही, चॅनल नाही. वीस वर्षांत अशी बातमी माझ्या हाती लागली नव्हती. मी वही काढली.

मावशीनं पाहिलं. हंडा डोक्यावर घेऊन माझ्याजवळ आली. "बाय, हे छापू नको."

"का गं मावशी? हे तर लोकांना कळायला पाहिजे."

"तू छापशील, मग तो सायेब परत बोलंल. तो बोलला का पोरं फोन बघत्याल. मग परत वाटी." तिनं डोक्यावरचा हंडा सावरला. "तुला बोलावलं ते बघायला. तू मान हालवलीस ना तवा, ते आमीबी बघलं व्हतं. म्हनलं, हिला खरं दावू."

मी वही पिशवीत टाकली. परत येताना फाट्यापर्यंतची सगळी वाट मी स्वतःशी भांडत होते. जव्हारला उतरले तर फोटोवाला दुकानाबाहेरच उभा होता. "कुठून ताई? पाड्यावर गेला होता का? काय झालं तिथे?"

"पाणी मिळतंय त्यांना," मी म्हणाले.

"कसं काय?"

"टँकर आला."

खोटं नव्हतं. पण मी त्याला सांगितलं नाही, ते मावशीच्या शब्दाखातर, की माझ्याकडे असं काहीतरी आहे जे त्याच्याकडे नाही म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्याला दोन-एक वर्षं झाली. साहेबांनी नवे विषय धरले, आमचा डोंगर विसरले. गेल्या महिन्यात मी पाड्यावर जाऊन मावशीला विचारलं, आता लिहू का? तिनं विचार केला आणि म्हणाली, "लिव. पन कोनाचं नाव नको." म्हणून इथे कुणाचंच नाव नाही, माझंही नाही.

फोटोवाला आता ठाण्याला एका मोठ्या वाहिनीत आहे. परवा दुपारी त्याचा फोन आला. "ताई, साहेबांना स्टुडिओत बोलवायचं म्हणतायत. मी नको म्हणालो तर दुसरा कुणी बोलावेल. काय करू?"

"बोलावणार असाल तर थेट दाखवू नका," मी म्हणाले. "आणि ज्यांच्याबद्दल ते बोलतात, त्यांच्यातल्या कुणाकडे तरी तू आधी जाऊन ये. मग साहेबांसमोर बस. आणि बरोबर आहे साहेब म्हणू नकोस."

"आणि मान हलवू नकोस," तो म्हणाला. दोघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

मग मागून कुणीतरी त्याला हाक मारली, सर, पाच मिनिटांत बुलेटिन. त्यानं घाईघाईत फोन ठेवला. मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. सर. त्याला आता सर म्हणतात. मी पीठ जरा जास्तच जोरानं मळलं असावं, कारण मिस्टरांनी आतून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले.